जिंदाबादची सवय

माणूस माईकसमोर उभा राहिला की आधी खाकरतो, मग माईकवर दोन टिचक्या मारतो आणि मग खोटं बोलायला लागतो. हा क्रम मोडलेला मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. पुढारी असो, नवरदेवाचा मामा असो, की सप्ताहात आभार मानायला उठलेला गुरुजी असो. घरात बायकोला पाणी मागताना ज्याचा आवाज फुटत नाही, तोसुद्धा माईक हातात आला की देशाला दिशा दाखवायला लागतो. आणि त्याची दिशा गावभर पोचवायचं काम माझ्याकडे असायचं.

वसमतला माझं मंडप, डेकोरेशन आणि लाऊडस्पीकरचं दुकान होतं. दुकान अजून आहे, पण आता पोरगा बघतो आणि त्याच्याकडे कपाटाएवढे बॉक्स आहेत. आमच्या वेळी भोंगे होते. ज्यांनी हा धंदा जवळून पाहिला नाही त्यांना सांगतो, भोंगा म्हणजे नुसता पत्र्याचा कर्णा. आवाज काढतं ते त्याच्या बुडाशी बसवलेलं युनिट, आणि त्या युनिटला ताकद देतं ते मशीन, म्हणजे अॅम्प्लिफायर. एखाद्या उंच लिंबावर चार भोंगे चार दिशांना तोंड करून बांधले आणि वारा बरा असला, तर इथलं बोलणं चार गावं पलीकडच्या शेतात निंदणाऱ्या बाईला ऐकू जातं. काय बोलून राहिले ते नीट कळत नाही, पण कुणावर तरी ओरडून राहिले एवढं कळतं. लोकांना तेवढं पुरतं.

माझे भोंगे गणपतीला जायचे, उरुसाला जायचे, जयंतीला जायचे, लग्नाला तर जायचेच. सुरुवातीला कुणी काही विचारत नव्हतं. नव्वद सालानंतर मात्र गिऱ्हाईक दुकानात येऊन भोंग्याकडे तिरप्या डोळ्यानं बघायला लागलं. एका गणेश मंडळाचा अध्यक्ष मला म्हणाला, "किसनराव, ह्यावर तिकडचं तर काही वाजवलं न्हाई ना?" मी म्हटलं, न्हाई. पुढच्याच महिन्यात उरुसाच्या कमिटीचा माणूस आला आणि भोंगा उलटा करून आत डोकावत म्हणाला, "किसनभाई, ये पाक है ना?" जणू आत कालच्या आरतीचे दोन शब्द चिकटून राहिले असतील. शेवटी मी काही भोंग्यांवर पांढऱ्या रंगानं एक लिहिलं आणि काहींवर दोन लिहिलं. कुणी विचारलं की म्हणायचं, तुमचे एक नंबरचे. दोघांनाही एक नंबरचेच हवे असायचे आणि दोघांनाही तेच मिळायचे. दोघंही खुशीत जायचे. दोन नंबरचे भोंगे मी लग्नांना पाठवायचो, कारण लग्नात कुणाचं लक्ष जेवणापलीकडे नसतं.

इथपर्यंत नुसता धर्माचा प्रश्न होता. पुढे लोक देश विचारायला लागले. म्हणजे विचारायला नाही, परस्पर ठरवायला लागले. माणसाचं नाव कळलं की धर्म कळतो आणि धर्म कळला की देश कोणता ते कट्ट्यावर बसलेले चार जण सांगून मोकळे. मंडपाच्या हिरव्या झालरीला आमच्या गावात 'पाकिस्तानी कपडा' म्हणणारे शहाणे निघाले. ती झालर मी नांदेडच्या एका मारवाड्याकडून आणत होतो.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहायला बसलो तो सांगतो. हट्टा गावाच्या बाजूनं आत शिरलं की एक गाव लागतं. नाव लिहीत नाही. गावाला लाज वाटेल म्हणून नव्हे, लाज त्या गावाला वाटत नाही, पण माझ्या पोराला तिथून अजून लग्नाच्या ऑर्डरी येतात.

त्या गावात गयाबाई नावाची मेंढरं राखणारी विधवा बाई होती. काळी, उंच, हाडापेरानं दणकट. तिचा एकुलता एक मुलगा मारोती फौजेत ट्रक चालवायचा. कारगिलचं युद्ध सुरू झालं तेव्हा तो तिकडेच कुठंतरी होता. नक्की कुठं ते आईला माहीत नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की तिकडं डोंगर आहेत, बर्फ आहे आणि वरून गोळ्या येतात. तिनं गावाबाहेरच्या पिरापुढे पदर पसरला आणि बोलली, माझं लेकरू जितं परत आलं तर कंदुरी करीन.

कंदुरी म्हणजे पिराच्या नवसाचं जेवण. बकरं नवस करणाऱ्याचं, सुरी मुल्लाची. घर हिंदू असलं तरी बकरं मुल्लानंच बिस्मिल्ला म्हणून कापायचं, त्यानंच फात्या द्यायचा, म्हणजे पिराच्या नावानं दुवा म्हणायची, तिथंच डेगीत मटण शिजवायचं आणि तिथंच गाव जेवू घालायचं. घरी एक तुकडाही न्यायचा नाही. आमच्या भागात किती हिंदू घरं हे करत आली ते मोजायला बसलं तर बऱ्याच जणांची पंचाईत होईल. म्हणून कुणी मोजत नाही.

त्या पिराचा मुल्ला चांदपाशा. दात पडलेला, कंबरेत वाकलेला, गावातल्या प्रत्येक घराचं बकरं कापलेला म्हातारा. गावातली पोरं त्याला चांदमामू म्हणायची. गयाबाई आणि तो एकाच वयाचे. ती त्याला भाऊबीजेला ओवाळायची आणि तो दर वर्षी तिला चोळीचं कापड द्यायचा.

युद्ध संपलं, लगेच निवडणुका आल्या आणि गेल्या, आणि दिवाळीच्या सुमारास मारोती सुट्टीवर धडधाकट घरी आला. गयाबाई माझ्या दुकानात आली. म्हणाली, "किसन, मंडप पायजे. भोंगे पायजेत. समद्या शिवाराला कळू दे, माह्या पिरानं लेकरू धाडलं म्हून."

मी हो म्हणालो, आणि तिच्या मागोमाग दिगंबरराव आला. हा त्याच गावचा, वसमतला खताचं दुकान टाकून मोठा झालेला. युद्ध होईपर्यंत ह्याच्या तोंडून मी देश हा शब्द ऐकला नव्हता. युद्ध सुरू झाल्यापासून तो दुसरं काही बोलतच नव्हता. तो म्हणाला, "किसनराव, वीर जवानाचा सत्कार आपण करून राहिलो. स्टेज पायजे. तिरंगी कमान पायजे."

झालं असं की मारोतीची सुट्टी थोडी उरली होती आणि दोघांना एकच दिवस हवा होता. गयाबाई हटून बसली. "सत्कार करायचा तर पिराच्या माळावर करा. बकरं तितंच कापायचं हाय, लेकरू तितंच बसंल." दिगंबररावाला माळ पसंत नव्हता, पण जवानाशिवाय सत्कार कुणाचा करणार? तो कबूल झाला, आणि कबूल झाल्याचा राग त्यानं मंडपावर काढला.

माझं स्टेज बांधून झालं होतं. तो आला आणि म्हणाला, "हे हिरवं काढा." मी झालर काढली. मग पिराच्या लिंबावरचं हिरवं निशाण त्याच्या डोळ्यात खुपलं. "आन हे पाकिस्तानचं झेंडं कुणी लावलं?" ते निशाण गयाबाईच्या घरचं. तिच्या सासऱ्यापासून दर साली त्या घरातून कापड जायचं. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "आजच्या दिवस काढा. फोटोत येतंय." निशाण खाली उतरवलं. त्याच्याबरोबर आलेल्या कार्यकर्त्यांना तर इतका जोर चढला की हिरवं दिसेल ते ओढायला लागले, आणि त्या भरात एका बहाद्दरानं माझ्या तिरंगी कमानीची खालची पट्टी उपसून काढली. आता कमान भगवी आणि पांढरी. मी दिगंबररावाला विचारलं, "भाऊ, आता खाली कोणता रंग भरू?" त्यानं जरा वेळ कमानीकडे पाहिलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. लांबून कळत न्हाई." अशा दोन रंगी झेंड्याखाली आमचं राष्ट्रप्रेम सुरू झालं.

भाषणं झाली. किती झाली विचारू नका. भारनियमनाची वेळ टळून गेली, बॅटरी जोडावी लागली, तरी वक्ते संपेनात. ज्यांनी नांदेडच्या पलीकडचा भारत पाहिला नव्हता ते लाहोरपर्यंत जाऊन आले. मारोती बिचारा हार घालून खुर्चीवर बसला होता आणि हारातल्या झेंडूच्या पाकळ्या खुडून खाली टाकत होता. एका बाजूला डेगी मांडून ठेवल्या होत्या, मसाला वाटून तयार होता, आणि समोर बसलेलं सगळं गाव वक्त्याकडे तोंड आणि डेगीकडे डोळे करून बसलं होतं. बकरं लिंबाच्या बुडाशी पाला खात होतं.

अखेर चांदपाशा सुरी घेऊन उठला, तसा दिगंबरराव माईककडे धावला. "थांबा! आज राष्ट्राचा कार्यक्रम हाये. सुरी लावायच्या आधी मुल्लाजी माईकवर येतील आन सगळ्यांसमोर भारत मातेचा जयजयकार करतील."

गयाबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "काहून? दर साली न्हाई ते आजच काहून?" चांदपाशानं मात्र वाद घातला नाही. सुरी खाली ठेवली, डोक्यावरची टोपी नीट केली आणि माईकसमोर येऊन आपल्या खणखणीत आवाजात म्हणाला, "भारत माता की जय!" दात नव्हते पण आवाजाला काही झालं नव्हतं. पाच वेळा अजान देणारा गळा होता तो. गावानंही जय म्हटलं. माझ्या मनात आलं, बरं झालं, सुटलो.

पण अशी परीक्षा घेणाऱ्याला पास झालेला विद्यार्थी आवडत नाही. म्हातारा अडखळला असता तर दिगंबररावाला जास्त बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "एवढ्यानं भागत न्हाई. मी म्हणतो, मुल्लाजी मागून म्हणतील." आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावरून वाकून, छाती फुगवून, सगळी ताकद लावून त्यानं आरोळी ठोकली.

"पाकिस्तान!"

चांदपाशानं तोंड उघडायच्या आत समोर बसलेलं सगळं गाव हात वर करून एका दमात गरजलं, "जिंदाबाद!"

त्यात कुणाचा काही हेतू नव्हता, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. ती निवडणुकीची सवय होती. महिनाभर ह्याच माणसांना टेम्पोत भरभरून सभांना नेलं होतं, सकाळी ह्याच्या, संध्याकाळी त्याच्या. माईकवर एक नाव यायचं आणि खालून जिंदाबाद जायचं. नाव कुणाचं आहे इकडं कुणी लक्ष देत नव्हतं, कारण सगळ्या सभांतला चिवडा सारखाच होता. दिगंबररावानं अगदी त्याच थाटात, त्याच सुरात एक नाव घेतलं आणि गावानं आपलं काम केलं.

आधी मारोती हसला. हारात तोंड खुपसून खांदे हलवत हसला. ते पाहून दिगंबरराव भडकला आणि त्यानं सुधारणा करायची म्हणून पुन्हा ओरडून पाहिलं, "अरे न्हाई! न्हाई! पाकिस्तान!" निम्म्या गावाला चूक कळली होती, ते मुर्दाबाद म्हणालं. मागे बसलेल्या निम्म्या गावाला कळली नव्हती, ते पहिल्यापेक्षा जोरात जिंदाबाद म्हणालं. मी धावत जाऊन मशीन बंद केलं, पण तोवर चारही भोंग्यांनी आपापल्या दिशेला जे न्यायचं ते नेलं होतं. मग एकच कालवा उठला. जो तो दुसऱ्याला म्हणायला लागला, तू म्हणला. दिगंबरराव मोटरसायकलवर बसून निघून गेला, कार्यकर्ते गेले, लोक उपाशी उठले. बकरं कापायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मारोतीला निघायचं होतं. सुट्टी संपली होती. तो हट्ट्याहून एसटीनं वसमतला आणि पुढं नांदेडला रेल्वे गाठायला गेला, आणि दुपारी गावात पोलीस आले. आसपासच्या गावांत बातमी पोचली होती, पण कशी? पिराच्या माळावर मुल्लानं माईकवरून पाकिस्तान जिंदाबादचे नारे दिले, अशी. पिराचा माळ म्हटल्यावर, माईकसमोर मुल्ला उभा होता म्हटल्यावर, पुढचं लोकांनी आपलं आपण जुळवून घेतलं. पोलिसांनी चांदपाशाला नेलं आणि पुरावा म्हणून माझं मशीनही नेलं. जणू मशीनला लाथ मारली की कालचं बोलणं बाहेर पडणार होतं.

मी ठाण्यात गेलो. फौजदाराला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे गाव म्हणालं."

"हो साहेब, सगळं गाव."

"गावावर केस होत नसते. एक नाव सांगा."

मी म्हणालो, मग पहिला शब्द दिगंबररावांचा होता. तो म्हणाला, त्यांचा जबाब झाला आहे, ते देशभक्त गृहस्थ आहेत, गोंधळात त्यांना काही नीट ऐकू आलं नाही. गावातल्या आणखी पाचपन्नास जणांनाही त्या दिवशी काही नीट ऐकू आलं नव्हतं. चार भोंग्यांखाली बसून एवढी माणसं बहिरी झालेली मी धंद्यात पहिल्यांदाच पाहिली.

मी तिथं बसलेलो असतानाच गयाबाई आली. मेंढरं कुणाच्या तरी हवाली करून, काठी घेऊन चालत आलेली. सरळ टेबलापुढे जाऊन म्हणाली, "साहेब, जिंदाबाद म्या म्हणले. लिवा."

फौजदार गोंधळला. "बाई, तुमचा मुलगा फौजेत आहे. तुम्ही कशाला म्हणाल?"

"माह्या तोंडातून निघालं. समदे म्हणून राहिले व्हते, म्या बी म्हणले. मुल्ला न्हाई म्हणला. त्याला सोडा, मला बसवा."

"तुम्ही जवानाच्या आई. तुमच्यावर असा गुन्हा कसा लागेल? जा घरी."

तिला ते उमगेना. तिनं तीन तीनदा सांगितलं, बाबा मी म्हणले, आणि त्यानं तीन तीनदा सांगितलं, तुम्ही म्हणूच शकत नाही. मला मात्र त्या दिवशी ते चांगलंच उमगलं. त्या शब्दांत गुन्हा नव्हताच. गुन्ह्याला शोभेल असं तोंड लागत होतं. जिच्या तोंडून खरोखर निघालं तिचं तोंड चालत नव्हतं, आणि ज्याच्या तोंडून निघालं नाही त्याच्या तोंडाला अगदी बरोबर बसत होतं. ह्याला आमच्याकडे चौकशी म्हणतात.

चांदपाशाला दोन-तीन दिवस बसवून ठेवलं आणि मग सोडून दिलं. केस झाली नाही, करण्यासारखं काही नव्हतंच. माझं मशीनही परत मिळालं, आतून जळालेलं. पण चांदपाशा गावात परतला नाही. ठाण्यातून निघाला तो तडक परभणीला लेकीच्या घरी गेला.

आता गयाबाईची अडचण ऐका. मुलगा पुन्हा सरहद्दीवर गेला होता आणि नवस फिटला नव्हता. पिरानं आपलं काम केलं, तिनं केलं नव्हतं. दर बाजाराच्या दिवशी ती वसमतला यायची, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायची आणि रेडिओवर काय सांगून राहिले ते मला विचारायची. तिकडं कुठं गोळीबार झाला असं कळलं की ती पायरीवरून उठून आत येऊन उभी राहायची. "किसन, लेकरू तिकडं हाय आन नवस हितं लोंबकळून राहिला. पिरानं परत मागितलं तं म्या काय करू?" मी म्हणायचो, दुसऱ्या मुल्लाकडून कापून घे. ती म्हणायची, त्या पिराचा मुल्ला त्योच हाय. दिगंबररावानं तर तिला निरोप धाडला होता की पिरापेक्षा मारुतीला नारळ फोड, त्यात देश पण आला आणि धर्म पण. गयाबाईनं उलट निरोप दिला, मारुतीला नारळ मी दर शनवारी फोडते, त्याचा माझा हिशोब नीट हाय, त्यात तू पडू नको.

शेवटी ती मला घेऊन परभणीला गेली. चांदपाशाच्या जावयानं दारातच अडवलं. तो शहरात राहून शुद्ध झालेला तरुण होता. म्हणाला, "अब्बा नहीं आएंगे. ये कबर, ये कंदुरी, ये हमारे दीन में नहीं है. गैरों के बकरे काटते फिरे, क्या मिला?" मला क्षणभर वाटलं, दिगंबररावच टोपी घालून उभा आहे. दोघांची कधी भेट झाली असती तर त्यांचं फार छान जमलं असतं. पिरावर हिंदूनं येऊ नये, ह्यावर दोघांचं एकमत होतं. भांडण नुसतं देशाच्या नावावरून झालं असतं.

गयाबाईनं जावयाला हातानं बाजूला सारलं आणि आत जाऊन चांदपाशापुढे बसली. म्हातारा खाटेवर बसून होता. आधीच वाकलेला, त्यात अजून वाकला होता.

"चांदभाऊ, चल."

"न्हाई बाई. मला लाज वाटती."

"तुला काहून? तू तं म्हणलाच न्हाईस."

"म्हूनच वाटती," तो म्हणाला. "ज्या घरचं बकरं म्या कापलं न्हाई असं एक घर सांग. ज्याच्या मयताला गेलो न्हाई असा एक माणूस सांग. ठाण्यात एक जण आला न्हाई. तू आलीस आन हा किसन आला. गावानं येकदा तोंडानं म्हणावं, आमी म्हणलो, चांद म्हणला न्हाई. मंग सुरी हातात घेतो."

गयाबाईनं उठून पदर खोचला. मग म्हणाली, "म्हणतील. तू सुरी पाजवून ठेव."

परतताना एसटीत ती मला एवढंच म्हणाली, "त्या दिशीचे भोंगे हायेत नव्हं? त्येच आन. त्याच लिंबावर बांध. जितं जितं ते गेलं, तितं तितं हे बी जाऊ दे." मला वाटलं ती गावासमोर भाषण करणार. मी मनात म्हटलं, हिलाही माईकची बाधा झाली.

उन्हाळ्याच्या तोंडाला कंदुरी ठरली. निशाण पुन्हा लिंबावर गेलं. चांदपाशा आला, कुणाकडे न बघता सरळ पिरापुढे जाऊन बसला. त्यानं बिस्मिल्ला म्हणून बकरं कापलं, फात्या दिला. गयाबाईनं एकाच्या जागी तीन बकरी कापायला लावली, आपल्या कळपातली. डेगी उकळायला लागल्या आणि मसाल्याचा वास शिवारात सुटला, तसं गाव घरोघरची ताटं घेऊन माळावर गोळा झालं. आधी दबकत आले, मग रांग लावली. जे ठाण्यात बहिरे होते त्यांची नाकं मात्र शाबूत होती.

तेव्हा गयाबाईनं मला हाक मारली. "किसन, माईक हिकडं आन. डेगीपाशी."

मी वायर ओढून माईकचा स्टँड डेगीजवळ उभा केला. ती एका हातात मोठी पळी घेऊन उभी राहिली. चांदपाशाला तिनं शेजारी सतरंजीवर बसवलं होतं. रांगेत पहिला होता सरपंच. त्यानं ताट पुढं केलं. गयाबाईनं पळी डेगीत बुडवली, वर काढली, आणि ताटावर धरून थांबली.

"त्या दिशी तू जिंदाबाद म्हणला व्हतास का?"

भोंग्यांतून ते माळभर घुमलं. सरपंच चमकला. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, मग पळीकडे पाहिलं. पळीत मटणाचे चांगले चार तुकडे होते.

"म्हणलो व्हतो," तो पुटपुटला.

"माईकमंदी बोल."

"म्हणलो व्हतो!"

"आन चांद म्हणला व्हता का?"

"न्हाई. चांदमामू न्हाई म्हणला."

पळी ताटात रिकामी झाली. पुढचा आला. तोही म्हणलो व्हतो म्हणाला. मग रांग अशी चालायला लागली की बघतच राहावं. न विचारता लोक कबूल व्हायला लागले. "म्या दोनदा म्हणलो, गयामावशी!" असं एकानं सांगितलं, म्हणजे दोन पळ्या मिळतील म्हणून. शाळेचे गुरुजी म्हणाले, "मी हळू आवाजात म्हणालो होतो." त्यांना गयाबाईनं बारका तुकडा वाढला. एक जण तर त्या दिवशी गावात नव्हताच, पुण्याला बांधकामावर होता. तो म्हणाला, "म्या नव्हतो, पण असतो तं म्हणलोच असतो!" त्यालाही मिळालं. फौजदारानं महिनाभर बसवलं असतं तरी ज्यांच्या तोंडून अक्षर निघालं नसतं, ती माणसं मटणाच्या पळीसाठी चार भोंग्यांतून देशद्रोह कबूल करत होती. मला हसूही येत होतं आणि त्या सगळ्यांची किळसही येत होती.

चांदपाशा मान खाली घालून ऐकत होता. प्रत्येक जण "चांद न्हाई म्हणला" म्हणायचा तेव्हा त्याची दाढी थरथरायची. पंधराव्या-विसाव्या माणसानंतर त्यानं उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं, ते लावूनच बसला.

रांगेच्या शेवटी दिगंबरराव होता. येणार नाही असं वाटलं होतं, पण पंचायतीच्या निवडणुका जवळ आल्या होत्या आणि गाव जिथं जेवतं तिथं त्याला हजर राहणं भाग होतं. पांढऱ्याशुभ्र कपड्यात, हातात स्टीलचं ताट घेऊन तो पुढं आला. रांगेतून निघून बाजूला जेवायला बसलेल्या लोकांनी घास हातात धरले.

गयाबाईनं पळी वर धरली. "दिगंबरा, तू म्हणला व्हतास का जिंदाबाद?"

दिगंबरराव खाकरला. माईकवर टिचकी मारली. मग रुबाबात म्हणाला, "मावशी, खोटं कशाला बोलू? जिंदाबाद तुमी म्हणले. म्या तं नुसतं पाकिस्तान म्हणलो व्हतो."

गयाबाईनं मान हलवली. पळी सावकाश डेगीत परत सोडली, तुकडे खाली जाऊ दिले, वरवरून फिरवली आणि त्याच्या ताटात ओतली.

"मंग तू नुसता रस्सा घे."